चालवायची की ठेवायची

"चालवायची आहे की नुसती ठेवायची?" एवढंच विचारलं वेल्डरने. गाडीखालून बाहेर सरकला, टॉर्च बंद केला, चिंधीला हात पुसले आणि विचारलं. मी "बघू" म्हणालो. दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय. दादाची गाडी, आणि मी "बघू" म्हणालो.

गंज असणार हे धरूनच गेलो होतो. १९७२ ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, त्यातही रोडस्टर, म्हणजे डोक्यावर कापडी हूड, आणि सगळे हिवाळे इंग्लंडातले. इथे थंडीत रस्त्यांवर मीठ पसरतात. मीठ लोखंडाचं काय करतं हे वेंगुर्ल्याच्या माणसाला कुणी शिकवायला नको. आमच्या खिडक्यांचे गज पोपडे धरून हातात यायचे. तेव्हा पोपड्यांची भीती नव्हती. लांबून तर ती अजून अशी पिवळीधमक दिसते की बघत राहावं.

पुढच्या मडगार्डच्या वरच्या टोकाला, काचेच्या बाजूला, त्याने लोहचुंबक लावला. चिकटेना. आत पुट्टी. सीटमागचं झाकण उघडलं; तिथे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांचे कप्पे असतात. त्यातल्या एकातून गॅरेजची फरशी दिसली. इथवर ठीक होतं. मग तो दारांखालच्या सिलकडे वळला.

या गाडीला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा, आणि छप्पर नसल्यामुळे सगळा भार त्या दोन सिलवर. बाहेरून दिसतो तो नुसता वरचा पत्रा. आत उभा पत्रा, त्याच्या आत आणखी एक, खाली घडी घातलेली पट्टी. हे सगळं मिळून गाडी ताठ राहते. आमच्या गाडीचा बाहेरचा पत्रा नवा आहे. म्हणजे सडलेल्यावरच चढवलेला. स्क्रू ड्रायव्हरचं टोक खालून लावलं आणि तो मुठीपर्यंत आत गेला. ते काम कुणी करून घेतलं, कधी, हे मला ठाऊक आहे. असो.

नंतर त्याने मधल्या जॅक पॉइंटला जॅक लावून ती बाजू जराशी उचलली आणि मला दार उघडून परत लावायला सांगितलं. दाराची फट सरकली होती. दार कडीत बसेना. जॅक उतरवल्यावर मुकाट्याने बसलं. हे त्याने दोनदा करून दाखवलं. एकदा पुरलं असतं.

बाहेरून बारा व्होल्टची बॅटरी जोडल्यावर इंजिन मात्र चालू झालं. थोडं खोकून, पण झालं. ऑइल प्रेशरचा काटाही छान वर गेला. तेच वाईट झालं. चालू झालं नसतं तर मी सरळ "नाही" म्हटलं असतं आणि आत्ता झोपलो असतो.

नेहमीचंच आहे हे. घ्यायचं दादाने, निस्तरायचं मी. गावची विहीर, तो प्लॉट, आता ही. कुणी म्हणत नाही की तुला जमेल का. वहिनी म्हणाली, महिनाअखेर गॅरेज रिकामं हवं, आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने बघायला हवं होतं असं नाही. पण.

हिशेब मांडला तर उत्तर सोपं आहे. १९६२ ते १९८० या काळात अशा पाच लाखांवर गाड्या झाल्या, त्यामुळे सगळं मिळतं. अगदी आख्खी नवी बॉडीसुद्धा. ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाची कंपनी ती जुन्याच साच्यांवर बनवते. पैसे असले तर एमजीबीला मरण नाही. पण वेल्डिंग, रंग, हूड, क्रोम धरून जो आकडा येतो त्यात कुणीतरी आधीच नीट केलेली दुसरी गाडी येते आणि वर पैसे उरतात. इंजिन स्वस्त पडतं, बॉडी महाग. म्हणून बॉडी बघूनच घ्यावी. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं, तेही चहा संपायच्या आत. आणि २०१८ पासून चाळिशी ओलांडलेल्या गाड्यांना इथे दरवर्षीची तपासणीही माफ आहे. म्हणून तर ते सिल कुणाच्या नजरेला पडलं नाही.

मघाशी भांडी घासताना लक्षात आलं आणि एकटाच हसलो. तो बिचारा कोटेशनसाठी विचारत होता! ठेवायची असेल तर बोल्टापासून सगळं चकचकीत, रंग उतरवून नव्याने. चालवायची असेल तर दोन्ही सिल, बॅटरीचे कप्पे, फ्लोअरचा पत्रा, ब्रेक. बाकी जैसे थे. दोन वेगळे आकडे. त्याला दादाशी काय घेणं, माझ्याशी तरी काय? आणि मी तिथे न्यायालयात उभा असल्यासारखा "बघू" म्हणालो.

दादाने ठेवली. पाऊस आला की नाही, थंडी आली की नाही, पाहुणे येणार असले की पुसून. मला एकदाच चालवायला मिळाली, आणि तेव्हाही तो शेजारी बसून सारखा

तर चालवायची. वेल्डरला तसा मेसेज केलाय. सिल कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडव्या पट्ट्या मारून घ्या हेही लिहिलं, नाहीतर बॉडी मधूनच बसते. त्याचं उत्तर आलं, "माहीत आहे." येणारच. रंगाचं नंतर, प्रायमरचे राखाडी ठिपके घेऊन हिंडलो तर हिंडलो, लोक हसतील.

आता वहिनीला सांगायचं की गॅरेज महिनाअखेर रिकामं होईल, पण गाडी विकून नाही. ती आधी आकडा विचारेल. निम्मा सांगावा म्हणतो.