झिजलेली फळी

आमच्या जुन्या नौकेच्या डेकवरून काढलेली सागवानी फळी आज कोल्हापुरातल्या वखारीत मिस्त्रींपुढे ठेवली, तेव्हा त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दादा, ही पाण्यानं न्हाई झिजली, घासून घासून झिजवलीया."

खरेच, लाकडाच्या मऊ रेषा खोल गेल्या होत्या आणि कठीण रेषा बरगड्यांसारख्या वर आल्या होत्या, कारण इतकी वर्षे आम्ही कडक ब्रशने, तेही रेषांच्याच दिशेने, डेक चकचकीत करत आलो. फळी पातळ झाली तसे स्क्रूंवरचे लाकडी बूच निखळले आणि त्या भोकांतून पाणी खालच्या प्लायवुडपर्यंत झिरपले. सागातले तेल पाण्याला पुरून उरते. आमच्या स्वच्छतेला मात्र नाही.

नवे सागवान आज घेतले नाही. आधी खालचे प्लायवुड तपासायचे आहे.

पण ब्रश वडिलांच्या हाती असतो. त्यांना हे सांगायचे कसे?