काढलं की सोडलं?

नांदेडच्या ज्या कॉलेजात मी शिकले तिथे अधूनमधून नव्या मुलांपुढे बोलायला बोलावतात. कंपनी कशी काढली, पैसे कसे उभे केले, हे सांगून झालं की मागच्या बाकावरून एक हात वर येतो. "मॅडम, तुम्हाला काढलं की तुम्ही सोडलं?" लातूरच्या आडत बाजारात हाच प्रश्न जरा वळसा घालून येतो, "मग तुमच्या त्या कंपनीचं काय झालं?" नातेवाईक विचारत नाहीत, ते उत्तरच घेऊन येतात. मावशीच्या मते मी मुलासाठी सोडलं. "बरं केलंस गं, लेकराला आई पाहिजे." लेकरू तेव्हा आजीकडे मजेत होतं, पण मावशीला कोण सांगणार.

मावशीचं काही चुकत नाही म्हणा. कागदावर तेच आहे. संचालकाचा राजीनामा कंपनी कायद्याच्या कलम 168 प्रमाणे होतो आणि त्याची नोंद सरकारी पोर्टलवर जाते. माझ्या पत्रात कारण लिहिलंय, 'वैयक्तिक'. मसुदा गुंतवणूकदारांच्या वकिलाचा, सही माझी.

मग सही का केलीस, असं तुम्ही म्हणाल. बाहेरचे पैसे घेतले की संस्थापकाच्या स्वतःच्या शेअर्सनाही व्हेस्टिंग लागतं. शेअर्स नावावर दिसतात, पण साधारण चार वर्षांत टप्प्याटप्प्याने खरे आपले होतात. करारात जाणाऱ्या माणसाच्या दोन जाती लिहिलेल्या असतात, गुड लीव्हर आणि बॅड लीव्हर. गुड ठरलात तर व्हेस्ट झालेले शेअर्स तुमचे. बॅड ठरलात तर तेही कवडीमोलाने परत करावे लागू शकतात. मी अडून बसले तर 'कारणासह', म्हणजे माझ्यावर ठपका ठेवून बॅड लीव्हर म्हणून, काढायची तयारी आहे, हे मला एका अतिशय सभ्य भाषेतल्या ईमेलवरून कळलं होतं. म्हणून मी सोडलं. म्हणजे काढलं. मागच्या बाकावरच्या मुलाला आता यातलं काय सांगू? वेळ संपलेली असते, हार-शाल वाट बघत असते.

ज्यांना ही कंपनी ठाऊक नाही त्यांच्यापुरतं सांगते. मी 2017 मध्ये हिंजवडीची नोकरी सोडून लातूरला आले. 1 जुलैला जीएसटी लागू झाला होता, सोयाबीनवर 5 टक्के, आणि आडतीवरच्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्या दुकानांतल्या, मुनीमांची झोप उडाली होती. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशोबाची चिठ्ठी, हमाली-तोलाई, खरेदीदाराचं बिल, खतावणी, हे सगळं एका जागी आणणारं सॉफ्टवेअर मी आणि माझ्या पुण्याच्या एका मित्राने लिहिलं. कोड बहुतेक माझा, पैशाची बोलणी त्याची. लातूरनंतर उदगीर, मग बार्शी, मग सोलापूर. 2019 मध्ये पुण्यातल्या एका फंडाने पैसे घातले, 2021 मध्ये आणखी एकाने. संचालक मंडळात आम्ही दोघं, त्यांचे दोघं आणि एक स्वतंत्र संचालक. पोरं भराभर घेतली. लातूरची, परभणीची, अंबाजोगाईची. हे सगळं मी कॉलेजात रंगवून सांगते, इथे पुरे.

आता उचलीकडे येते, कारण भांडण तिथूनच झालं.

आडत्या पेरणीआधी शेतकऱ्याला उचल देतो, व्याज शेकडा दोन, कधी तीन, महिन्याला. माल निघाला की शेतकरी त्याच्याच दुकानी आणतो आणि पट्टीतून उचल वळती होते. उचलीची वही हे दुकानातलं सगळ्यात गुप्त पुस्तक. एका दुकानातल्या वयस्कर मुनीमकाकांनी आग्रह धरला म्हणून मी त्या भागात 'कारण' असा एक रकाना घातला होता. शेठला रक्कम आठवत नाही पण कशासाठी नेली ते आठवतं, असं त्यांचं म्हणणं. बियाणं, खत, घरगुती. काका निवडायचे आणि एंटर मारायचे.

2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या आसपास गेलं. हमीभाव 3,950 असताना हा भाव! गुंतवणूकदारांचे फोन सुरू झाले, बाजार समितीचं नावही नीट न घेता येणारी माणसं मला सोयाबीनचा भाव सांगायला लागली. मग केंद्राने 12 लाख टन सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली, नवा माल यायला लागला आणि भाव कोसळला. शेतकऱ्यांनी माल घरात दाबून ठेवला. माल आला नाही म्हणून उचल फिटली नाही, उचल फिटली नाही म्हणून आडत्याचा पैसा अडकला, आणि पुढच्या हंगामाला तो हात आखडता घेणार हे उघड दिसत होतं. मला त्यात अडचण दिसत होती, मंडळाला धंदा दिसला. मधली ही जागा कर्ज देऊन आपण भरायची. पैसा एका वित्त कंपनीचा, शेतकऱ्याची पारख आमच्या डेटाची.

डिसेंबरात बाणेरला बैठक झाली. गुंतवणूकदारांकडचा एक तरुण विश्लेषक कोणता शेतकरी कर्ज फेडेल याचा अंदाज बांधणारं मॉडेल दाखवत होता. हुशार मुलगा, मला आवडायचा. आमच्याच एका पोराकडून त्याने सर्व्हरवरचा डेटा काढून घेतला होता. मला विचारलं नव्हतं, माझ्या भागीदाराला विचारलं होतं. पडद्यावर तक्ता. गाव, क्षेत्र, पीक, उचल, महिना, कारण. आणि शेवटी मॉडेलने दिलेले गुण.

त्यातली एक ओळ औसा तालुक्यातली, आमच्या गावची. 1 हेक्टर 20 आर. सोयाबीन. 85,000. मे. घरगुती. गुण सगळ्यात कमी.

आमचं गाव केवढं, त्यात तीन एकरवाले किती, आणि त्यातले त्या दुकानी माल घालणारे किती? मला लगेच कळलं हा कोण. मे महिन्यात दुसरी लाट होती आणि त्याची बायको लातूरच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. वाचली ती. पण दवाखान्याचं बिल त्याने कुठून भरलं, हे गावात कोणाला माहीत नव्हतं, त्याच्या सख्ख्या भावांनाही नाही. साठवलेले होते, असं तो सगळ्यांना सांगायचा. मला ते बाणेरच्या एसी खोलीत, कॉफीचा कप हातात असताना कळलं.

"घरगुती हा कॉलम सगळ्यात जास्त सांगतो," विश्लेषक म्हणाला. "बाकी सगळ्यांपेक्षा जास्त."

मी म्हणाले, या माणसाला मी ओळखते.

"नावं काढलीत, मोबाइल नंबर काढलेत."

"काढलेत ते दिसतंय. तरी ओळखते."

क्षणभर कोणी बोललं नाही. मग त्यांच्यातले एकजण हसून म्हणाले, "म्हणजे डेटाची क्वालिटी चांगली आहे." बाकीचेही हसले. वाईट माणसं नव्हती, ताण हलका करायला माणूस काहीतरी बोलतो तसं ते बोलले. माझा भागीदार हसला नाही, पण त्याने लॅपटॉपवरून मानही वर केली नाही.

पुढे दोन तास मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. आवाज चढला होता, हे खरं. हा डेटा आडत्याने आपल्याला हिशोबासाठी दिलाय, शेतकऱ्याने तर दिलेलाच नाही, एवढंच मी फिरून फिरून सांगत होते. स्वतंत्र संचालकांनी विचारलं, "कायदा कुठला मोडतोय?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. खासगीपणा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच सांगितलं होतं, पण वैयक्तिक डेटाचा कायदा संसदेत झाला 2023 च्या ऑगस्टमध्ये. आमची बैठक त्या दोन्हींच्या मधली. मतदान झालं. चार विरुद्ध एक.

रात्रीच्या ट्रॅव्हल्सने परत येताना भागीदाराचा फोन आला. तो जे बोलला ते मी आजवर कुठल्याच व्यासपीठावर सांगितलेलं नाही. तो म्हणाला, "तुझ्या गावचा होता म्हणून तुला माणूस दिसला. उद्या आपण मध्य प्रदेशात जाऊ. देवासचा माणूस तुला तक्त्यात दिसणार नाही. मग चालेल तुला?" मी फोन ठेवला. रेंज गेली, असं त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

त्यानंतर सगळं कागदोपत्री झालं. आधी 'तू प्रॉडक्टकडे बघ, सीईओ आपण अनुभवी आणू', मग तो ईमेल, मग वकील. मार्चमध्ये मी बाहेर होते.

तुम्हाला वाटेल, ही बाई आता स्वतःला हुतात्मा करून घेणार. थांबा. त्यांची बाजू मला त्यांच्यापेक्षा चांगली मांडता येते. फंडाचा पैसा त्यांचाही नसतो, दुसऱ्यांनी ठरावीक मुदतीसाठी दिलेला असतो, आणि मुदतीत तो कैक पटींनी परत करायचा असतो. आडत्या वर्षाला काही हजार रुपये देतो, तेही दिवाळीनंतर, तेही घासाघीस करून. अशा धंद्यात पोट भरतं, कैक पटी होत नाहीत. हे 2019 मध्ये सही करताना मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. त्या वेळची मी आज समोर आली तर म्हणेल, "पैसे घेतले नसते तर पोरांचे पगार कशातून दिले असतेस, सांग." मी तिला म्हणेन, एवढी पोरं घ्यायचीच कशाला होती? त्यावर ती मला अंबाजोगाईच्या त्या मुलीचं नाव ऐकवेल, जिला आमच्याकडे नोकरी लागली म्हणून घरच्यांनी लग्न दोन वर्षं पुढे ढकललं. या भांडणात आम्ही दोघी अजून कुठे पोचलेलो नाही.

उचलीचंही तसंच. शेकडा दोन म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. वेळेवर फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज महाराष्ट्रात बिनव्याजी पडतं, पण एकदा थकबाकीत गेलेल्याला बँक दारात उभं करत नाही, तो आडत्याकडेच जातो. मी ज्या वहीची गुप्तता राखायला निघाले होते, ती त्याला चोवीस टक्क्यांना बांधून ठेवणारीच वही आहे. कंपनीने पुढे कर्ज सुरू केलं. संमती घेतली, आडत्याची. शेतकऱ्याची नंतर, कायदा आल्यावर, मोबाइलवर एक खूण करून. गेल्या वर्षी बाजारात रेणापूरकडचे एक काका भेटले. मी त्या कंपनीत होते हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. म्हणाले, "ताई, चांगलं काम केलाव तुम्ही. शेठपेक्षा अर्धा रुपया कमी बसलं." महिन्याला शेकडा अर्धा रुपया म्हणजे वर्षाला सहा टक्के. ही थोडीथोडकी रक्कम नाही. मी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही. नमस्कार केला आणि चहाचे पैसे दिले.

औशाच्या त्या माणसाला कर्ज मिळालं का, ते माहीत नाही. विचारायचं तर मला काय माहीत आहे ते आधी सांगावं लागेल.

सध्या काय करायलीस, हा पुढचा प्रश्न. डाळ मिलसाठी वजनकाटा आणि आर्द्रता मोजण्याच्या यंत्राला जोडणारं सॉफ्टवेअर करते. आम्ही चौघं आहोत, बाहेरचा पैसा नाही, डेटा मिलवाल्याच्याच कॉम्प्युटरवर राहतो. ही माझ्या थोर तत्त्वांची कमाई नव्हे. मिलवाले क्लाउडला घाबरतात, इन्कम टॅक्सवाले तिथून बघतात अशी त्यांची ठाम समजूत आहे. जुन्या करारात दोन वर्षं त्याच धंद्यात पडायचं नाही असं कलम होतं. आपल्याकडे 1872 च्या करार कायद्याचं कलम 27 असलं बंधन सहसा टिकू देत नाही, असं आमच्या वकीलबाईंनी सांगितलं होतं. तरी मी दोन वर्षं आडतीकडे फिरकले नाही. भीती होती की कंटाळा, कोण जाणे.

आणि परवा नांदेडला एका मुलीने, हार-शाल झाल्यावर जिन्यात गाठून, नेमका तो प्रश्न विचारला जो एवढ्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. "मॅडम, शेअर्स विकलेत का मग?"

नाही विकले. खासगी कंपनीचे शेअर्स बाजारात विकता येत नाहीत, आधी जुन्या भागधारकांना विचारावं लागतं, आणि आजवर कोणी भाव काढलेला नाही. पण पुढच्या वर्षी कंपनी नवे पैसे उभे करणार आहे म्हणतात आणि त्यात जुन्यांचे शेअर्स घेतले जातील अशी बोलवा आहे. भागीदाराचा मेसेज आलाय, भाव चांगला मिळेल, कळव. कर्जाचा धंदा वाढला म्हणूनच तो भाव आहे, हे त्याने लिहिलेलं नाही, मला कळतं. मेसेज अजून तसाच पडलाय. मुलाची अकरावीची फी भरायची आहे आणि पोरांच्या दिवाळी बोनसचंही बघायचंय.