ग्रामसभेपुढे आलेला ठराव

सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात सोयाबीनची मळणी आटोपत आली होती आणि कापसाच्या वेचणीला सुरुवात झाली होती. मी तालुक्याच्या न्यायालयात वकिली करते. त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका गावात ग्रामसभेला जोडून कायदेविषयक शिबिर ठेवले होते आणि मला वारसाहक्कावर बोलायचे होते. मी बोलायला उभी राहण्याआधीच एका तरुणाने ऐनवेळचा विषय म्हणून वहीच्या पानावर लिहून आणलेला ठराव वाचला. नवरा-बायकोसारख्या राहणाऱ्या दोन बायांमुळे गावाच्या संस्कृतीला बाधा येत आहे, सबब त्यांना एकत्र राहण्यास मनाई करावी व कोणीही त्यांना मजुरीला बोलावू नये, असा त्याचा मजकूर होता.

त्या दोघी सभेत मागच्या भिंतीशी बसलेल्या होत्या. (त्यांच्या संमतीने लिहीत आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) थोरली पन्नाशीची विधवा, धाकटी लग्न मोडून माहेरी परतलेली. कित्येक वर्षे त्या एकाच घरात राहत होत्या, कापसाच्या एकाच तासाला, म्हणजे ओळीला, वेचायला लागत होत्या, आणि संध्याकाळी काट्यावर दोघींची गाठोडी एकत्र मोजून मजुरी थोरलीच्या हातात दिली जात होती. शेतकऱ्यांनी, शेजाऱ्यांनी, खुद्द सासरच्यांनीही त्यावर कधी आक्षेप घेतला नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये सुनावणी सुरू झाल्यापासून मात्र मोबाईलवर येणाऱ्या चित्रफितींतून हा वाद गावोगाव पोहोचला आणि ज्यांनी लग्नाची मागणी कधी केलीच नव्हती, अशा या दोघींकडे बोट दाखवले जाऊ लागले. ही मागणी म्हणजे शहरी उच्चभ्रूंचे खूळ आहे, अशा आशयाची भूमिका केंद्र सरकारने न्यायालयात घेतली होती. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात ती खोडून काढताना शेतात राबणाऱ्या स्त्रीचा आवर्जून उल्लेख केला आहे. ते वाक्य मी वाचले होते. तशी स्त्री त्या दिवशी माझ्यासमोर मान खाली घालून बसली होती.

“कोर्टानंच नाई म्हटलं, मंग आमी काऊन खपवून घ्याव?” हा त्या तरुणाचा मुख्य युक्तिवाद होता आणि बऱ्याच माना त्यावर डोलल्या. निकालानंतर मला सर्वांत जास्त चिंता वाटली ती याच गैरसमजाची. विवाह करणे हा मूलभूत हक्क नाही, त्यासाठी कायदा करणे हे संसदेचे काम आहे, असे पाचही न्यायाधीशांनी म्हटले. नागरी सहजीवनाला, म्हणजे विवाहाऐवजी जोडीदारांच्या एकत्र राहण्याला, कायदेशीर मान्यता द्यावी की नाही यावर तीन विरुद्ध दोन असा निर्णय झाला. परंतु दोन सज्ञान व्यक्तींनी एकत्र राहणे गुन्हा आहे, असे कोणीही म्हटलेले नाही. परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांवरील, भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ चा बडगा ६ सप्टेंबर २०१८ रोजीच दूर झाला आहे. उलट आपला जोडीदार निवडण्याचे स्वातंत्र्य त्यांना आहे आणि त्यांच्यावर जबरदस्ती होत असेल तर संरक्षण देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, असे बहुमताच्या निकालपत्रातही नमूद आहे. हे सारे मी सावकाश समजावून सांगितले. कायदा समजावून सांगणे हे आम्हा वकिलांचे काम. त्याच एप्रिलमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरील संस्थेने देशातील ९९.९ टक्क्यांहून अधिक लोकांचा समलिंगी विवाहाला विरोध असल्याचे ठरावात लिहिले, याचे मला आजही दुःख आहे.

सभेवर परिणाम झाला तो मात्र दुसऱ्याच कायद्याचा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारा २०१६ चा कायदा आहे. त्यात भेदभावाच्या कारणांमध्ये लैंगिकतेचाही स्पष्ट उल्लेख असून तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. ठराव मांडणारे आणि थोरली एकाच समाजाचे असल्यामुळे तो इथे सरळ लागू होत होता. मजुरीला बोलावू नये हे वाक्य कार्यवृत्तात लिहिले गेले, तर लिहिणाऱ्यापासून सही करणाऱ्यापर्यंत सर्वांना उत्तर द्यावे लागेल, असे मी सांगताच ग्रामसेवकांनी पेन खाली ठेवले. तेवढ्यात एक वयस्क शेतकरी उठले आणि म्हणाले, “यायले बोलवाव नाई, त माह्या वावरातला कापूस कोन वेचन?” माणुसकीचा एखादा शब्द कोणी तरी बोलेल म्हणून मी वाट पाहत होते, निदान हे तरी कोणी बोलले. सरपंचबाईंनी विषय पुढे ढकलला आणि तो पुन्हा आला नाही.

सभेनंतर थोरली माझ्याजवळ आली. तिने पिशवीतून सातबारा काढला आणि ठरावामागचे खरे कारण उलगडले. दोन एकर जमीन तिला नवऱ्याकडून वारशाने मिळालेली होती, मूलबाळ नव्हते आणि ठराव मांडणारा तरुण तिच्या दिराचा मुलगा होता. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १५ नुसार अशी स्त्री मृत्युपत्र न करता वारली, तर ती जमीन नवऱ्याच्या वारसांकडे जाते. धाकटी कायद्याच्या लेखी तिची कोणीच नव्हती. “लगन नाई मांगत जी आमी,” ती म्हणाली. “मी मेल्यावर इले कोनी घराबाहेर काढू नये, येवढं कागदावर लिहून द्या.”

लग्नाच्या एका दाखल्याने जे आपोआप मिळाले असते, ते आम्हाला एकेक कागद करून जोडावे लागले. त्याच अधिनियमाच्या कलम १४ नुसार जमीन तिच्या पूर्ण मालकीची असल्यामुळे मृत्युपत्राला अडचण नव्हती. धाकटीच्या नावावर वडिलांकडून आलेली थोडी शेती असल्याने बिगरशेतकरी असल्याचा आक्षेपही येणार नव्हता. पुढे वाद होणार हे दिसत असल्यामुळे मी डॉक्टरांचा दाखला जोडून मृत्युपत्र नोंदवून घेतले. दोन साक्षीदारांपैकी एक तेच वयस्क शेतकरी होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास व एकमेकांना नॉमिनी नेमण्यास कोणतेही बंधन नसल्याचे स्पष्ट केले, आणि शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकच कुटुंब मानावे, असेही राज्यांना कळवण्यात आले. ९ जानेवारी २०२५ रोजी निकालावरील पुनर्विचार याचिका फेटाळल्या गेल्या, त्यामुळे सध्या तरी अशा परिपत्रकांवरच भिस्त आहे. दोघींनी मिळून बँकेत खाते उघडले आहे. एकाच शिधापत्रिकेसाठीचा त्यांचा अर्ज केंद्राच्या पत्राची प्रत जोडून मी पुरवठा शाखेत दिला आहे आणि त्याच्या सुनावणीला मीच उभी राहणार आहे.