जामियाच्या कब्रस्तानात, ब्रिगेडियर उस्मानसाहेबांपाशी

आज दिल्लीत दुपार मोकळी मिळाली. मेट्रोने सरळ जामिया मिलिया विद्यापीठ गाठलं. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान, महावीरचक्र, यांची कबर तिथल्या कब्रस्तानात आहे. 2020 मध्ये तिची मोडतोड झाल्याची बातमी वाचून तेव्हा जीव तुटला होता. नंतर लष्कराने ती नीट केली. आज वर सुकलेली पानं पडली होती. ती हाताने बाजूला केली, दगड उन्हाने तापलेला होता.

फाळणीत त्यांची बलुच रेजिमेंट पाकिस्तानात गेली, उस्मान इथेच राहिले. मग काश्मीरवरून पाकिस्तानशी लढाई पेटली आणि डिसेंबर 1947 मध्ये जम्मू भागातलं, नौशेराजवळचं झांगड हातचं गेलं. 50 पॅराशूट ब्रिगेड हाती आल्यावर त्यांनी शपथ घेतली, झांगड परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही. डोंगरातली थंडी आणि हा माणूस जमिनीवर सतरंजी टाकून! फेब्रुवारीत नौशेरा राखलं, 18 मार्च 1948 ला झांगड घेतलं. त्या रात्री ब्रिगेडच्या मुख्यालयात खाटच नव्हती म्हणे, गावातून मागून आणावी लागली.

आपल्याकडे हे फारसं कुणी सांगत नाही, पण त्या ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पॅरा पलटणही होती. तीच पुढे 2 पॅरा झाली आणि 1971 च्या युद्धात बांगलादेशातल्या टांगाइलवर पॅराशूटने उतरली.

3 जुलै 1948 ला झांगडलाच तोफगोळ्याने उस्मान गेले. छत्तिसावा वाढदिवस बारा दिवसांवर होता. अंत्ययात्रेला पंडित नेहरू स्वतः आले होते.

निघताना पाय निघेना. पुन्हा दोन पानं पडली होती, तीही उचलली.