पोंगा सुटेपर्यंत

"ताई, ट्रेतली छोटी केळीची रोपं आणून घरीच वाढवली तर चालतील का? की पिशवीतली तयारच घेऊ?" फेब्रुवारी संपत आला की हा प्रश्न मला येतोच. नाशिकजवळ मखमलाबादला आमचं छोटं शेडनेट आहे, म्हणजे रोपांना सावली देणारं जाळीचं घर, म्हणून लोक हक्कानं विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते. चालतील. फक्त पहिले दहा दिवस दुसरं कुठलंही काम काढू नका.

ट्रेतलं हे रोप टिश्यू कल्चरचं, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढलेलं असतं. तिथं साखर आयती, हवा कायम दमट. तिथल्या पानांवर मेणाचा थर धड धरत नाही आणि पानावरची छिद्रं वेळेवर मिटत नाहीत. हरितगृहात महिना-दीड महिना काढून ते ट्रेतून आपल्याकडे येतं आणि आपण ते पिशवीत लावतो, तरी एप्रिलातली नाशिकची कोरडी हवा त्याला झेपत नाही. दुपारी रोप मान टाकतं. आपल्याला वाटतं तहानलंय, आणि आपण पिशवीत पाणी ओततो. घात होतो तो इथंच. पान सुकतंय ते हवेमुळे, मुळाशी ओल असतेच. पाणी साचलं की बुडखा कुजतो, वास मारतो, आणि मग काही उपाय चालत नाही. पाणी हवं ते हवेत: दिवसातून चार-पाचदा बारीक फवारा, आणि पहिला आठवडा नेटवर दुसरं नेट. जुनी पानं करपली तरी घाबरू नका. मधून नवा पोंगा, म्हणजे गुंडाळलेलं कोवळं पान, सुटला आणि त्याचं पान उघडलं, की रोप तुमच्या घरचं झालं. तोवर खताचा कणही देऊ नका. नंतर १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

पिशवीत नुसती काळी माती भरू नका, ती आवळून बसते. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग चाळलेलं जुनं शेणखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). पिशवीला खाली भोकं हवीतच.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगते. एका वर्षी जागा कमी पडली म्हणून केळीचे वाफे टोमॅटो आणि काकडीच्या रोपांना लागून लावले. मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, तिकडून इकडे आला आणि महिन्याभरात पोंग्यातून पिवळ्या पट्ट्यांची पानं निघू लागली. जळगावकडे याला हरण्या म्हणतात, काकडीवरचा मोझॅक विषाणू. त्याला औषध नाही. दोनशेच्या वर रोपं उपटून जाळली, तेव्हा हात थरथरत होते. आपल्या नाशिकात घरोघरी टोमॅटो, मिरची, वेलवर्गीय भाज्या असतात, त्यामुळे इथं ही काळजी जास्तच घ्यायला हवी. केळीचं नेट वेगळं, आजूबाजूचं तण काढलेलं, आणि मावा दिसला की त्याच दिवशी बंदोबस्त.

दिवाळीनंतर रोपं आणू नका, एवढं माझं ऐका. १५-१६ अंशांखाली केळीची वाढ जवळपास थांबते, आणि आपल्या निफाडला पारा पाच-सहावर येतो. रोप पिशवीत नुसतं बसून राहतं. एप्रिलच्या मध्यात आणलं तर ४५ ते ६० दिवसांत पाच-सहा पानांचं होतं आणि मृगबागेला, म्हणजे जून-जुलैच्या लागवडीला, वेळेवर लागतं. शेवटचा आठवडा नेट हळूहळू काढा, उन्हाची सवय होऊ द्या.

पिशवीतली तयार रोपं घेतलीत तर हे सगळं वाचतं, हे खरंच. एकरभर, म्हणजे सहा बाय पाच फुटांवर साधारण १,४५० रोपं लावायची आणि घरात लक्ष द्यायला माणूस नसेल, तर मीच तुम्हाला तयार घ्या म्हणेन. पण घरी वाढवताना प्रत्येक रोप रोज नजरेखालून जातं. एखादं खुजं, पानं एकावर एक दाटलेली, किंवा पान जाड आणि चट्ट्याचं दिसलं की ते बाजूला काढता येतं. शेतातल्या मेलेल्या रोपांच्या जागा भरायला म्हणूनही ते नेऊ नका. ट्रे मागवताना शंभराला दहा जास्तच मागवा, म्हणजे काढताना जीव अडकत नाही.