वकिलांच्या बाकावर कोण बसते

वकिली व्यवसायातील विविधतेचा विषय निघाला की चर्चा बहुधा दिल्ली-मुंबईकडे वळते. सर्वोच्च न्यायालयात महिला न्यायमूर्ती किती, ज्येष्ठ वकिलांच्या यादीत कोणती आडनावे पुन्हा पुन्हा दिसतात, असे प्रश्न विचारले जातात आणि ते रास्तच आहेत. 1989 मध्ये न्या. फातिमा बीवी यांची नियुक्ती होईपर्यंत सर्वोच्च न्यायालयात एकही स्त्री न्यायाधीश नव्हती. परंतु खानदेशातल्या तालुका आणि जिल्हा न्यायालयांत वकिली करणाऱ्या माझ्यासारखीला हा प्रश्न आधी पुराव्याचा वाटतो, प्रतिनिधित्वाचा नंतर. न्यायाधीश निकाल देतात तो रेकॉर्डवरच्या पुराव्यावरून, आणि पुरावा रेकॉर्डवर येतो तो बव्हंशी वकिलांनी विचारलेल्या प्रश्नांतून. जे विचारायचे वकिलाला सुचलेच नाही, ते पुढे अपिलात शोधूनही सापडत नाही.

2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची सुमारे 69 टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडचा पक्षकार भिली किंवा पावरी बोलतो, नवापूरकडचा मावची, धुळे-साक्रीकडचा शेतकरी अहिराणी, तर यावल-रावेरकडचा लेवा बोली. न्यायालयात मात्र जबाब लिहिला जातो तो प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत. आरोपीला न समजणाऱ्या भाषेत दिलेली साक्ष त्याला समजेल अशा भाषेत सांगितली पाहिजे, हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 279 मध्येच होते आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद कायम आहे. प्रत्यक्षात दुभाष्याचे काम त्या दिवशी आवारात जो सापडेल त्याच्या गळ्यात पडते.

अशाच एका सत्र खटल्यात सातपुड्यातल्या पाड्यावरची एक बाई साक्षीला उभी होती. घटना केव्हा घडली, या प्रश्नाला तिने पावरीत उत्तर दिले की गुरे रानात सोडल्यावर. आयत्या वेळी उभ्या केलेल्या दुभाष्याने ते सकाळी नऊ असे सांगितले आणि तसेच टंकले गेले. पोलिसांपुढच्या जबाबात सात वाजल्याचे नमूद होते, त्यामुळे उलटतपासात दोन तासांची तफावत बचाव पक्षाला आयती मिळाली. फिर्यादीच्या वतीने सरकारी वकिलांना साहाय्य करणाऱ्या वकिलांचा एक ज्युनियर मागे बसला होता, तो त्याच भागातला. पावसाळ्यात गुरे केव्हा सोडतात आणि उन्हाळ्यात केव्हा, हे त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते. तो सिनियरच्या कानाशी लागला, त्यांनी सरकारी वकिलांना सांगितले, प्रश्न पुन्हा विचारण्यात आला आणि बाईचे उत्तर तिच्याच शब्दांत नोंदवले गेले. रोजनाम्यात त्या मुलाचा उल्लेख असण्याचे कारण नव्हते, आणि तो नाहीही.

रूढींच्या बाबतीतही हेच घडते. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 2(2) प्रमाणे केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याशिवाय तो कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे विवाह आणि काडीमोड रूढीने सिद्ध करावे लागतात. पंच कोण बसले, वधूमूल्य किती ठरले, ते कोणी परत केले, हे दाव्यात लिहावे लागते. भिल्ल समाजात ही रक्कम वराकडून वधूच्या घरी जाते, म्हणजे हुंड्याच्या नेमकी उलट, याची कल्पना नसलेला वकील हुंड्याच्या दाव्याचाच साचा घेऊन अर्ज तयार करतो आणि अशिलाची सगळी बाजू पहिल्याच पानावर अडचणीत येते. हुशार वकीलही इथे अडखळतो, कारण ही माहिती कायद्याच्या पुस्तकात मिळत नाही.

आपल्या भागाला या बाबतीत अभिमान बाळगावा असा इतिहास आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1937 मध्ये न्यायालयीन कामासाठी धुळ्याला आले होते, आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर त्यांच्या मुक्कामाची आठवण म्हणून दरवर्षी 31 जुलैला लोक जमतात. प्रतिभाताई पाटील यांनी राजकारणात येण्याआधी जळगावच्या न्यायालयात वकिली केली होती. बाररूममध्ये या दोन्ही गोष्टी आवर्जून सांगितल्या जातात. पण पाड्यावरून आलेल्या पहिल्या पिढीच्या मुलामुलींना सिनियर मिळतो का आणि मिळाल्यास ते किती वर्षे टिकतात, हा प्रश्न त्याच बाररूममध्ये अवघडल्यासारखा ऐकला जातो.

सनदेची वाट आता पूर्वीइतकी महाग नाही. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी शुल्क अधिवक्ता अधिनियमात ठरवून दिले आहे तेवढेच, म्हणजे 750 रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपये घेता येईल असे स्पष्ट केले. खरी गळती त्यानंतर होते. ज्याच्या वडिलांचे चेंबर आहे तो पहिली तीन-चार वर्षे बिनपगारी काढू शकतो. ज्याला खोलीचे भाडे देऊन घरीही पैसे पाठवायचे आहेत, तो नोकरी शोधतो. ग्रामीण भागातील ज्युनियरला दरमहा किमान 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे, असे भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर 2024 मध्ये सुचवले, मात्र ती केवळ शिफारस आहे. मुलींची अडचण याहून साधी आहे. सिनियरचे ऑफिस संध्याकाळी सातला भरते आणि गावाकडची शेवटची एसटी बहुधा त्याआधीच सुटलेली असते. मग मुलगी हुशार आहे पण वेळ देत नाही, असा शेरा बसतो आणि तिच्या वाट्याला पोटगीच्या अर्जांपलीकडे फारसे काही येत नाही.

या सगळ्यावर एक ठरलेला आक्षेप असतो, की वकिलीत गुणवत्ता चालते, पक्षकार जात किंवा गाव बघून येत नाही. माझ्या अनुभवात पक्षकार नेमके तेच बघून येतो, कारण आपले म्हणणे ज्याला कळेल असा माणूस त्याला हवा असतो. साक्षीदाराचे बोलणे दुभाष्याशिवाय समजणे ही गुणवत्ता नसेल, तर मग उलटतपासाचे कौशल्य तरी कशाला म्हणायचे?

सुरुवात विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलपासून करता येईल. 1987 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. म्हणजे नंदुरबारसारख्या जिल्ह्यात बहुसंख्य लोक त्यास पात्र ठरतात. पॅनेलवरील वकिलाच्या नावापुढे त्याला येणाऱ्या बोलींची नोंद ठेवावी, प्रकरण देताना ती पाहावी आणि मानधन वेळेवर काढावे, एवढे तर जिल्हा पातळीवर करण्याजोगे आहे. वकील संघांनीही ज्युनियरच्या विद्यावेतनासाठी स्वतंत्र निधी काढावा. सिनियरांना ते परवडत नाही, ही तक्रार तालुक्याच्या ठिकाणी पुष्कळ अंशी खरी आहे, म्हणूनच तो भार एकेका चेंबरवर न टाकता संघाने उचलला पाहिजे.