आमची वाटचाल: घरच्या हळदीला भाव लावताना

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात. वायगावची हळद पिकते त्याच पट्ट्यात आमचं वावर आहे. या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या घरी ती पिढ्यान्‌पिढ्या होत आली, पण शिजवायची, वाळवायची आणि हिंगणघाटच्या व्यापाऱ्याला देऊन मोकळं व्हायचं, एवढंच ठाऊक होतं. 2019 मध्ये मी पहिल्यांदा 20 किलो हळकुंडं चक्कीवर दळून आणली, पाव-पाव किलोची पाकिटं केली आणि नागपूर-पुण्याच्या नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. आठ दिवसांत सगळी खपली.

पाकिटाचा भाव 75 रुपये ठेवला होता. तो कसा ठरला? किराणा दुकानातलं पाकीट पाहिलं आणि आपली हळद चांगली म्हणून त्याच्यावर थोडे वाढवले. दळण, पाकीट आणि लेबल मिळून 15-16 रुपये जायचे. बाकीचा सगळा नफा, असं मी दोन वर्षं धरून चालले.

2021 च्या दिवाळीआधी पुतण्यानं आमचा माल एका मोठ्या ऑनलाइन बाजारात चढवला. भाव 99 रुपये, पोचवणं मोफत. त्या महिन्यात 340 पार्सलं गेली. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत आम्ही पाकिटं सील करत होतो, आणि घरात इतका आनंद होता की काय सांगू. पैसे जमा झाले तेव्हा कमिशन, ठरावीक फी आणि कुरिअर कापून एका पाकिटामागे 47 रुपये हाती आले होते. शिवाय 41 पार्सलं परत आली. कॅश ऑन डिलिव्हरीची होती ती. घ्यायला घरी कोणी नव्हतं, किंवा मन बदललं.

त्या रात्री मी वही घेऊन बसले आणि पहिल्यांदा खरा हिशेब मांडला. पहिली ओळ हळदीची लिहिली तशा सासूबाई म्हणाल्या, “आपल्या वावरातली हळद हाये, तिचे कायचे पैसे लावतं वं?”

आमचं सगळं गणित नेमकं तिथंच चुकलं होतं. व्यापारी त्या वर्षी 80 रुपये किलो द्यायला तयार होता, म्हणजे ती हळद आम्हाला 80 रुपयांनाच पडत होती. दळताना घट येते, किलोभर भुकटीला 1100 ग्रॅम हळकुंड लागतं, म्हणून 88 रुपये. दळण 20. निवडणं, भरणं, सील करणं हे मी आणि सासूबाई करायचो, त्याची मजुरी कधी धरलीच नव्हती. गावात त्या कामाला दुसरी बाई लावली तर 300 रुपये रोज द्यावा लागला असता. दोघींच्या हातून दिवसाला 20 किलो भरून व्हायची, म्हणजे किलोला 30. चार पाकिटं लेबलसकट 36. वीज, परवाना, तपासणी, मशीनची दुरुस्ती असे 16. किलोचे झाले 190, पाकिटाचे साडेसत्तेचाळीस. वर बाहेरचा खोका 8 रुपयांचा. हाती 47, खर्च साडेपंचावन्न. प्रत्येक पार्सलमागे साडेआठ रुपये आम्ही घरातून घालत होतो. जेवढं जास्त विकलं तेवढा खड्डा मोठा झाला.

भाव वाढवायचा हे ठरलं, पण तिथंही पहिल्यांदा चुकलोच. ह्यांनी हिशेब केला की समजा, खर्च 80 आणि ऑनलाइन बाजाराची कापणी 20 टक्के असेल तर 80 वर 16 वाढवून 96 लावू. पण बाजार 20 टक्के कापतो ते 96 वर, खर्चावर नाही. 96 मधून 19 रुपये 20 पैसे जातात आणि 76 रुपये 80 पैसे उरतात, पुन्हा तोटाच. किमतीतले 20 टक्के गेले की 80 टक्के, म्हणजे 0.80 उरतं, म्हणून 80 ला 0.80 नं भागलं की 100 येतात, तो बरोबर भाव. आणि स्वतःला आणखी 20 टक्के नफा हवा असेल तर 60 टक्केच उरतात, तेव्हा 0.60 नं भागायचं, 133 येतात. घरून धंदा करणाऱ्या कुणी ताईंनी माझ्याकडून एकच गोष्ट घ्यायची झाली तर ही घ्यावी: टक्के विक्रीच्या किमतीवर कापले जातात, म्हणून खर्चात मिळवायचे नाहीत, खर्चाला भागायचं.

कुरिअरनं वेगळा धडा दिला. पाव किलोची दोन पाकिटं आणि खोका मिळून वजन 560 ग्रॅम व्हायचं, म्हणजे अर्ध्या किलोची पायरी ओलांडून एक किलोचा दर लागायचा. त्यात आमचा खोका 25 बाय 20 बाय 12 सेंटीमीटरचा. लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार 5000 नं भागून येतं ते वजन आणि खरं वजन, यात जे जास्त त्यावर पैसे घेतात. आमच्या खोक्याचं ते 1200 ग्रॅम निघत होतं. आम्ही हवा पाठवत होतो आणि हवेचे पैसे भरत होतो. मग पाकीट 200 ग्रॅमचं केलं, खोका 20 बाय 15 बाय 8 चा. दोन पाकिटांचं पार्सल अर्ध्या किलोत बसू लागलं. सुटं एक पाकीट पाठवणं त्या दिवसापासून बंद.

थेट गिऱ्हाइकाला पाठवायच्या दोन पाकिटांच्या जोडीचा खर्च 80, खोका आणि टेप 10, कुरिअर 60, एकूण 150. पाच टक्के जीएसटी, पाच टक्के तुटफूट आणि पैसे घेण्याचा खर्च, वीस टक्के नफा. 150 ला 0.70 नं भागून 215 रुपये भाव लावला. कॅश ऑन डिलिव्हरी बंद करून आधी यूपीआयवर पैसे घेऊ लागलो. पहिले तीन महिने ऑर्डरी निम्म्यावर आल्या. भीती वाटली, हे खरं सांगते. पण महिन्याच्या शेवटी प्रथमच वहीत शिल्लक दिसली, आणि ज्या ताई परत परत मागवत होत्या त्यांतली एकही गेली नाही.

2023 मध्ये हळदीचे भाव एकाएकी चढले. व्यापारी 140 देऊ लागला. जुन्या भावात विकणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं. मी वहीच्या पानाचा फोटो काढून सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवला, कुठं किती वाढले ते दाखवलं आणि जोडी 250 रुपयांची केली. अमरावतीच्या एका काकूंनी उत्तर पाठवलं, “लपवलं नाही, बरं केलं.” त्या आजही वर्षाला चार जोड्या घेतात.

आता भरायला गावातल्या पाच जणी येतात. सासूबाईंची मजुरी दर शनिवारी त्यांच्या हातात देते. पहिल्यांदा त्यांनी पैसे परत केले होते, आता स्वतःच्या वहीत लिहून ठेवतात.

मिरचीचा हिशेब मात्र अजून बसलेला नाही. भिवापूरची मिरची आम्ही दोन हंगाम दळून पाहिली. देठ काढल्यावर वजन किती घटतं, ते दर खेपेला वेगळं येतं, आणि देठ खुडायला हळदीच्या दुपटीनं वेळ जातो. पुतण्या म्हणतो, काकू, हळदीसोबत लावून देऊ, खपेल. खपेल हे मलाही माहीत आहे. पण या हंगामात पाच पोती वेगवेगळी मोजून, प्रत्येक पोत्याचे देठ आणि मजुरी लिहून काढल्याशिवाय मी तिला भाव लावणार नाही.